शस्त्र परवाना: मुदती, कागद आणि अडलेल्या फायली

बंदूक, रिव्हॉल्व्हर आणि त्यांचे परवाने यांविषयी नागपूर शहर व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि नावे वगळली आहेत. उत्तरांना आधार आहे तो शस्त्र अधिनियम १९५९, त्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६ यांचा. १९६२ च्या जुन्या नियमांवर बेतलेली माहिती अजूनही तोंडोतोंडी फिरते. अर्ज करताना तिच्यावर विसंबू नये.

प्रश्न: इतवारीत सराफीचे दुकान आहे. रात्री रोकड आणि माल घेऊन घरी जावे लागते, म्हणून रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायचा आहे. एक दलाल पंधरा दिवसांत काम करून देतो म्हणतो. ओळखीचे लोक म्हणतात, दोन वर्षे धरून चाला. खरे काय मानावे?

दलालाचे तर मुळीच ऐकू नका. पंधरा दिवसांत पोलीस चौकशी, छाननी आणि निर्णय हे तिन्ही उरकत नाही. पैसे घेऊन हाती दिलेला परवाना बनावट निघाला, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो, दलालावर नव्हे.

नियमांत दोन मुदती आहेत. अर्ज पोलीस ठाण्याकडे गेला की चौकशी अहवाल ३० दिवसांत यायला हवा. अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने मंजुरी किंवा नकार लेखी द्यायचा असतो. म्हणजे फाइल पूर्ण असेल तर साधारण तीन महिने. प्रत्यक्षात यापेक्षा जास्त काळ जातो. मुदत उलटली म्हणून परवाना आपोआप मंजूर होत नाही, हेही ध्यानात ठेवा. अहवाल वेळेत आला नाही तर त्यावाचून निर्णय घेण्याची मुभा अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे, पण ती अधिकाऱ्याची मर्जी आहे, अर्जदाराचा हक्क नाही. तुमच्या हातात असते ती पोहोच. अर्ज दिल्याची, त्रुटी पूर्ण केल्याची, स्मरणपत्र दिल्याची, अशी प्रत्येक पोहोच आवक क्रमांक आणि तारखेसह जपा. फाइल नेमकी कुठे थांबली आहे हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

अर्ज कोणाकडे करायचा? नागपूर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना अधिकारी पोलीस आयुक्त. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक अशा ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी. तालुका वेगळा म्हणून हद्द वेगळी असेलच असे नाही. कामठी हा स्वतंत्र तालुका, पण कामठी शहरातली पोलीस ठाणी आयुक्तालयात मोडतात. आपले घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी विचारून घ्या. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज परत यायलाच कित्येक आठवडे लागतात.

अर्जाचा नमुना ए-१. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहिती प्रणालीच्या संकेतस्थळावर तो भरायचा, छापील प्रत सही करून कार्यालयात द्यायची. याच प्रणालीतून परवान्याला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो आणि तो नसलेला परवाना वैध धरला जात नाही. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीची छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात आणि वैद्यकीय प्रमाणपत्र एस-३ नमुन्यात लागते. डॉक्टरने साध्या लेटरहेडवर ‘तंदुरुस्त आहे’ असे लिहून दिलेले चालत नाही. मानसिक स्वास्थ्य आणि व्यसनाधीनता यांचा उल्लेख असलेला ठरीव नमुनाच हवा. शस्त्र घरात कुठे व कसे कुलूपबंद ठेवणार, याची लेखी हमीही द्यावी लागते. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असले पाहिजे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते कारणाच्या रकान्यावर. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहिलेला अर्ज नाकारणे सोपे असते. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरा धोका आहे, हे नियम १२ प्रमाणे दाखवावे लागते. तुमच्या बाबतीत दुकान नोंदणीचे व जीएसटीचे कागद, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेत रोकड भरल्याच्या नोंदी, दुकान बंद करण्याची वेळ आणि घरी जाण्याचा रस्ता हे सगळे एका पानात मांडा. पूर्वी चोरी, लूट किंवा धमकीचा प्रकार घडला असेल तर गुन्ह्याची किंवा अदखलपात्र नोंदीची प्रत जोडा. तक्रार दिलीच नव्हती आणि आता अर्जात धमक्या येतात असे लिहिले, तर चौकशीला आलेला अंमलदार पहिला प्रश्न तोच विचारणार: तेव्हा ठाण्यात का आला नाहीत?

चौकशीत ठाण्यातली जुनी नोंद, शेजाऱ्यांचे म्हणणे, घरातले वातावरण आणि शस्त्र ठेवण्याची जागा पाहिली जाते. इथे घात होतो तो दोन गोष्टींनी. पहिली, आधारवरचा पत्ता महालातल्या जुन्या घराचा आणि प्रत्यक्ष राहणे मनीषनगरला. अहवाल ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा जातो आणि फाइल बंद होते. पत्ता आधी बदलून घ्या, मगच अर्ज करा. दुसरी, जुने प्रकरण लपवणे. भाऊबंदकीतल्या मारहाणीचा खटला प्रलंबित असेल तर तेवढ्यावरून परवाना नाकारलाच जातो असे नाही. लपवला, तर मात्र महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून मिळालेला परवानाही कलम १७ खाली रद्द होतो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे शस्त्र मिळत नाही.

परवाना हाती आला की घाईने दुकान गाठू नका. आधी तो नीट वाचा. शस्त्राचा प्रकार, बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप), शस्त्र घेण्याची मुदत, परवाना कुठल्या क्षेत्रात चालतो आणि काडतुसांचे दोन आकडे, एका वेळी जवळ किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे सगळे त्यावर असते. सर्वसाधारण नागरिकाला प्रतिबंधित नसलेल्या बोअरचेच शस्त्र मिळते. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलात ते बहुधा .३२ बोअरचे असते. ९ मिलिमीटरचे पिस्तूल आणि .३०३ रायफल या प्रतिबंधित गटात येतात आणि त्यांचा परवाना फक्त केंद्रीय गृह मंत्रालय देते. विक्रेता मूळ परवाना पाहतो, शस्त्राचा क्रमांक त्यावर आणि आपल्या नोंदवहीत चढवतो. बिलावरचा, परवान्यावरचा आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, हे तिथल्या तिथे ताडून पाहा. एका अंकाची चूक पुढे नूतनीकरणाच्या वेळी चोरीच्या शस्त्राचा संशय उभा करते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत शस्त्र परवाना अधिकाऱ्यांकडे तपासणीसाठी दाखवायचे.

आणखी एक गोष्ट, सराफांना मुद्दाम सांगायची. तुमच्या परवान्यावरचे शस्त्र दुकानाच्या पहारेकऱ्याच्या कमरेला लावू नका. ज्याचे नाव परवान्यावर धारक किंवा सोबती रक्षक म्हणून नोंदलेले नाही, त्याच्या हाती शस्त्र देणे हा देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही गुन्हा आहे.

प्रश्न: मी कामठीत स्थायिक झालेला निवृत्त सुभेदार. वय झाले, रिव्हॉल्व्हर आता विकायचे आहे. मित्राच्या मुलाकडे परवाना आहे. त्याला थेट देता येईल का?

येईल, पण आज ठरवून उद्या देता येणार नाही. आपल्या कायद्यात खरेदी-विक्रीसाठी सक्तीने थांबण्याचा काळ सांगितला आहे तो इथेच, कलम ५ मध्ये. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे असेल तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. तुमच्या हद्दीत जिल्हादंडाधिकाऱ्यांचे हे काम पोलीस आयुक्तांकडे असते. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता त्यात हवा. अशी सूचना दिल्यापासून किमान ४५ दिवस पूर्ण झाल्यावरच शस्त्र हातातून सोडायचे.

पंचेचाळीस दिवस मोजायचे ते पोहोचेवरच्या तारखेपासून. सौद्याच्या किंवा इसार घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. या काळात मित्राच्या मुलाच्या परवान्यात त्या प्रकारच्या आणि त्या बोअरच्या शस्त्राची जागा रिकामी आहे का, हे बघून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका किंवा पिस्तुले ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. त्याच्याकडे आधीच दोन असतील तर व्यवहार होऊच शकत नाही. विक्रीनंतर तुमच्या परवान्यावरून शस्त्राची नोंद उतरवून घेईपर्यंत जबाबदारी तुमचीच. ती नोंद उतरली नाही आणि उद्या त्या शस्त्रातून काही घडले, तर पोलीस आधी तुमच्या दारी येतील.

थेट व्यवहाराचा हा व्याप नको असेल तर परवानाधारक विक्रेत्याला विका. भाव थोडा कमी येतो, पण नोंदी तो व्यवस्थित करून देतो.

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. तिथे दहा दिवसांत पिस्तूल मिळते म्हणतो आणि घेणार आहे. पुढे भारतात येताना आणता येईल का? – त्रिमूर्तीनगर

दहा दिवसांचे त्याचे म्हणणे बरोबर आहे, पण ते त्याला लागू होत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात थांबण्याचा वेगळा काळ नाही. विक्रेता खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर त्याला शस्त्र देण्याची मुभा असते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने आणलेली पाच दिवसांची अट १९९८ मध्ये तात्काळ तपासणीची यंत्रणा सुरू झाल्यावर संपली. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालील खरेदीदाराची तपासणी लांबवून दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत नेता येते. कॅलिफोर्नियाचा दहा दिवसांचा नियम हा त्या राज्याचा स्वतःचा आहे आणि तो प्रत्येक खरेदीला लागतो.

मुद्दा मात्र व्हिसाचा आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकी केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई करतो. वैध शिकारी परवाना असल्यास सूट मिळते, अशासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. त्याने कुठलाही अर्ज भरण्याआधी तिथल्या वकिलाला विचारावे. अर्जात व्हिसाबद्दल चुकीचे उत्तर दिले तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि पुढे देशाबाहेर काढण्याचे कारणही होऊ शकतो. नोकरी, घर, सगळे त्यात जाते. मित्राच्या नावावर घेऊन स्वतः वापरायचे, ही वाट तर त्याहून वाईट.

भारतात आणण्याचे विसराच. इथल्या परवान्याशिवाय शस्त्र आयात होत नाही. सरावाला गेल्यावर एखादे काडतूस बॅगेच्या कप्प्यात राहून जाते आणि विमानतळावरच्या तपासणीत सापडते, असेही होते. एका काडतुसावरूनसुद्धा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो. ते आपल्या बॅगेत आहे हे माहीतच नव्हते, असे पुढे न्यायालयात दाखवता येते, पण तोवर विमान सुटलेले असते आणि पासपोर्टच्या कामातही तो गुन्हा आडवा येतो. मुलाला एवढेच सांगा, की सरावाला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नको.

प्रश्न: काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आणि तूर आहे. रानडुकरे अन् रोही (नीलगायी) वावर उलथून टाकतात. रात्रभर जागल करून थकलो. पिकासाठी बंदुकीचा परवाना मिळतो म्हणतात, तो कसा काढायचा?

पीक संरक्षणासाठी वेगळा परवाना कायद्यात आहे. कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीचा, स्पष्ट उल्लेख आहे. भरमार पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर आत आटे नसलेल्या नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, मंजूर करता येते. तुमच्यासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. सातबारा, गाव नमुना आठ-अ, पेरा नोंद, आणि नुकसान झाल्याचे पुरावे जोडा. वन खात्याने केलेले पंचनामे असतील तर त्यांच्यासारखा दुसरा कागद नाही. दरवर्षी नुकसान होते पण पंचनामा कधी केलाच नाही, अशी स्थिती बहुतेक शेतकऱ्यांची असते आणि मग अर्ज तोंडी तक्रारीसारखा दिसतो. या हंगामापासून प्रत्येक नुकसानीचा अर्ज वनरक्षकाकडे द्या. भरपाईही त्यातूनच मिळते आणि परवान्याचा आधारही तयार होतो.

आता जे सांगायचे आहे ते नीट ऐका, कारण यात चांगले लोक तुरुंगात गेले आहेत. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला वन अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती खिशात असल्याशिवाय जनावरावर गोळी झाडली तर ती शिकार ठरते, मग जनावर तुमच्याच वावरात का असेना. परवानगी मिळाल्यावरही मेलेले जनावर सरकारचे असते. मांस वाटून घेतले की नवा गुन्हा.

म्हणून बंदुकीचा खरा उपयोग बहुतांशी आवाजापुरता राहतो. त्यासाठी परवाना, प्रशिक्षण, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि घरात कुलपातले शस्त्र एवढा व्याप करायचा का, याचा विचार करा. सौर झटका कुंपण हा आमच्या मते यापेक्षा चांगला उपाय आहे. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते. त्याच्या खालच्या तारेला गवत टेकू देऊ नका, नाहीतर झटका जमिनीत जिरतो आणि डुक्कर खालून घुसते. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी धुऱ्यावरचे गवत काढणे हेच त्यातले मुख्य काम.

आणि थेट वीजवाहिनीचा करंट तारेत सोडणे कोणत्याही परिस्थितीत नको. नागपूर, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि पहाटे वावरात गेलेली माणसेही मेली आहेत. शेजाऱ्याचा पोरगा त्या तारेला लागला तर कुठलेही पीक त्याची भरपाई करणार नाही.

प्रश्न: सासऱ्यांची बारा बोअर बंदूक दोन वर्षांपासून कपाटात आहे. ते वारले तेव्हा कोणाला सुचले नाही. आता पोलिसांकडे न्यायची भीती वाटते. – मानेवाडा

ताई, भीती वाटणे साहजिक आहे, पण जितके दिवस ती घरात राहील तितकी अडचण वाढेल. परवानाधारक वारला की त्या बंदुकीवर घरातल्या इतर कोणाचाही परवाना लागू होत नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबाकडे आणि झडतीत सापडलेल्या बंदुकीकडे मात्र कोणीही एकाच नजरेने पाहत नाही. कलम २१ हेच सांगते, की ताबा बेकायदा झाल्यावर विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे.

बंदूक उचलून रिक्षाने ठाण्यात घेऊन जाऊ नका. आधी वकिलाकडून पत्र तयार करून घ्या. त्यात सासऱ्यांचे नाव, परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदुकीचा क्रमांक, काडतुसे किती आहेत आणि जमा करायची इच्छा, एवढे असू द्या. मृत्यू दाखल्याची प्रत जोडून पत्र ठाण्यात द्या, पोहोच घ्या आणि बंदूक कशी आणायची ते ठाणेदारांना विचारा. पोलीस घरी येऊन नेतील तर उत्तम. काडतूस नळीत राहिले आहे का हे बघायला म्हणून घरातल्या कोणी बंदूक उघडू नये. जुनी बिजागरी आणि गंजलेला घोडा यांचा भरवसा नसतो. जमा केल्यावर पावतीवर बंदुकीचा क्रमांक, स्थिती आणि काडतुसांची संख्या आली आहे का ते पाहा.

जमा केली म्हणजे गेली असे नाही. वारसाला परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकता येते, मात्र ठरावीक मुदतीत. ती उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. वारसांमध्ये पती, पत्नी, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीण हे सगळे येतात. म्हणजे तुम्ही स्वतःही अर्ज करू शकता. इतर वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रावर लागेल. फाइल अडते ती बहुधा इथे, दूर राहणाऱ्या एका नणंदेची किंवा दिराची सही राहते म्हणून.

घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर शस्त्र असलेल्या इतर वाचकांनीही हे लक्षात घ्यावे. धारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असले, यातले जे आधी होईल तेव्हा त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे ते करता येते. त्यांच्या सहीने हे काम सुरळीत होते.

प्रश्न: चौदा वर्षांच्या मुलाला नेमबाजी शिकायची आहे. ऑनलाइन छऱ्याची बंदूक विनापरवाना मिळते. घ्यावी का?

बोअर आणि जोर, दोन्ही बघून. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली हवेची बंदूक परवान्याविना चालते. .२२ बोअरची हवेची बंदूक बोअरमुळेच परवान्यात अडकते, तिचा जोर कितीही कमी असो. जाहिरातीत ज्यूल लिहिलेले नसतात, वेग फुटांत असतो. हिशेब असा करा: छऱ्याचे वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले दर सेकंदाचा वेग मीटरमध्ये दोनदा, आणि त्याचे निम्मे. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, ०.५२ ग्रॅमचा छर्रा ९०० फूट वेगाने गेला तर साडेएकोणीस ज्यूल होतात. हजार फूट वेगाला तेच चोवीसच्या वर जातात. म्हणून ‘हजार फूट’ अशी जाहिरात असलेली .१७७ बंदूकही धोक्याची.

शिकण्यासाठी एवढा जोर मुळात लागतच नाही. दहा मीटरच्या स्पर्धेतली एअर रायफल सात-आठ ज्यूलचीच असते. नेमकेपणा नळी, चाप आणि शरीराची ठेवण यातून येतो. आधी मुलाला प्रशिक्षक असलेल्या रेंजवर पाठवा, तिथल्या रायफलीवर शिकू द्या. शस्त्र नियमांत १२ ते २१ वयाच्या कनिष्ठ नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे, त्यामुळे पुढे .२२ च्या प्रकारात जायचे ठरले तरी वाट मोकळी आहे. घरी घेतलीत तर गच्चीवरून नेम धरू देऊ नका. छर्रा पत्र्यावरून उसळतो आणि डोळ्याला लागलेला छर्रा डोळा घेऊन जातो. रानपाखरे मारणे तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

प्रश्न: परवाना महाराष्ट्रापुरता आहे. पेंचमार्गे सिवनीला नातेवाइकांकडे जाताना पिस्तूल सोबत नेले तर चालेल का?

नाही. खवासा ओलांडला की मध्य प्रदेश, आणि तिथे तुमचा परवाना नाही. छिंदवाड्याच्या रस्त्यालाही हेच. क्षेत्र वाढवून हवे असेल तर कारणासह अर्ज करा. एका दिवसाच्या प्रवासासाठी शस्त्र घरी कुलपात ठेवणे बरे. राज्यात नेतानाही ते उघडे दिसता कामा नये, आणि जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार या ठिकाणी नेऊच नये, ही परवान्याचीच अट आहे.

प्रश्न: लग्नाच्या वरातीत हवेत एक-दोन बार काढले तर खरेच गुन्हा होतो का? परवाना आहे.

होतो. कोणाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने आनंदाच्या भरात गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असे २०१९ पासून कलम २५ मध्येच लिहिले आहे. वर परवाना जातो. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि गच्चीवर वरात बघत उभी असलेली बाई कोणाची तरी आई असते.

प्रश्न: निवडणूक आली की ठाण्यातून शस्त्र जमा करा असा निरोप येतो. प्रत्येकाने करावेच लागते का?

सरसकट नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती बसते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि दंगलीत सामील असलेले परवानाधारक तिने आधी तपासायचे असतात. तुमचे नाव त्यात आले तर लेखी आदेश मागा. आदेश मिळाल्यावर मात्र वाद न घालता मुदतीत जमा करा आणि क्रमांकासह पावती घ्या. निकालानंतर आठवडाभराने शस्त्र परत मिळते. ते परत आणायला जाताना पावती आणि मूळ परवाना दोन्ही न्या.

प्रश्न: माझा अर्ज ‘आवश्यकता दिसून येत नाही’ एवढे लिहून नाकारला. पुढे काय? – उमरेड

आधी कारणांचा लेखी गोषवारा मागा. नकाराची कारणे नोंदवणे आणि मागितल्यावर ती थोडक्यात देणे कलम १४ प्रमाणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे.

अपील कलम १८ खाली. उमरेडचा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणून अपील नागपूर विभागीय आयुक्तांकडे. शहरातल्या पोलीस आयुक्तांच्या आदेशावर ते राज्य शासनाकडे जाते. आदेश मिळाल्यापासून तीस दिवस धरा. त्याच्या लखोट्यावरची टपालाची तारीख जपा, कारण मुदत मोजताना तीच कामाला येते. उशीर झाला असेल तर कारणाचा वेगळा अर्ज अपिलासोबतच जोडा. अपिलात पहिल्या अर्जातलीच वाक्ये पुन्हा लिहू नका. पोलीस अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा, त्यात काय प्रतिकूल लिहिले आहे ते पाहा आणि त्या एकेका मुद्द्याला कागदाने उत्तर द्या. बऱ्याचदा त्यात ‘अर्जदारास कोणाकडूनही धमकी नाही’ एवढेच असते. मग व्यवसायाचे स्वरूप, रोकड वाहून नेण्याच्या नोंदी, निर्जन रस्ता, हे अपिलात पुराव्यासह मांडावे लागते. शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, त्यामुळे गरज सिद्ध करण्याचा भार तुमच्यावरच राहतो.

प्रश्न: परवान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नूतनीकरणाचा अर्ज आता दिला तर चालेल?

अर्ज आजच द्या, पण तो उशिराचाच आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांवरून पाच झाल्यापासून तारीख विसरणारे वाढले आहेत. अर्जासोबत उशिराचे कारण लिहा, पोहोच घ्या. नूतनीकरण होण्याआधीच मुदत संपली, तर त्या तारखेला शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. विक्रेता महिन्याचे भाडे घेतो, पण शस्त्राला तेल-पाणी करून ठेवतो. ठाण्याच्या मालखान्यात तेवढी काळजी घेतली जाईल याची खात्री नाही. विक्रेत्याकडे ठेवत असाल तर त्याच दिवशी ठाण्याला आणि परवाना शाखेला लेखी कळवा आणि पावतीची प्रत दोन्हीकडे द्या.

शस्त्र नोंदणीवरच्या एका पत्राला जागेअभावी उत्तर देता आले नाही. तलवार आणि गुप्ती यांच्या नियमांसह ते पुढच्या अंकात घेऊ.